कान्हेरीच्या पायऱ्या आणि भाऊकाकांचा गुडघा

कांजूरमार्ग,
मंगळवार, २० जानेवारी

तीर्थस्वरूप नलूआत्येस,

नंदकिशोरचा वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून, याची नोंद असावी.)

ताजी बातमी अशी की, भाऊकाका उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तयार झाले आहेत. काल संध्याकाळी मुलुंडला डॉक्टर ऋता यांच्या दवाखान्यात त्यांनी कागदावर स्वतःच्या हाताने सही केली. मला हे आधी प्रीतमने सांगितलं, पण प्रीतम आपल्या बापाबद्दल बोलताना नेहमीच आशेवर जगतो, म्हणून मी अस्मिताला फोन केला. अस्मिताने दुजोरा दिला. सुनेने दुजोरा दिल्यावर बातमी पक्की धरायला हरकत नाही. तुला पत्र हातात आलं की आधी शेवट वाचायची सवय आहे, म्हणून या खेपेला मी शेवटच वर घेतलाय. आता खाली बघू नकोस. क्रमाने वाच.

तुझा खोकला कसा आहे? चुलीशी बसणं कमी केलंस का? सुपारी यंदा बरी आली असं ऐकतो. तिकडे माकडांचा त्रास कमी झाला का, तेही कळव. हे सहज विचारत नाहीये, माकड पुढे येणार आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे रविवारपासून कोणालाच नीट खाली बसता येत नाही, बाकी खुशाल. (फोनवरच का सांगितलं नाही, असं म्हणशील. पण मोबाइलवर आलेला निरोप तू निरोप धरत नाहीस, कागदावर असेल तरच खरं मानतेस, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे.)

आता गुडघ्याची हकिगत. सहा वर्षांत तू मुंबईत पाय ठेवला नाहीस, आणि भाऊकाका फोनवर कोणालाच ‘मी ठणठणीत’ याच्यापुढे काही सांगत नाहीत. ठणठणीत माणूस चालतो कसा ते ऐक. खुर्चीतून उठताना देवाचं नाव घेतो, मग भिंतीला हात लावतो आणि तो हात न उचलता स्वयंपाकघरापर्यंत जातो. कोणी विचारलं तर सांगतो, भिंतीला ओल आलीय का बघतोय. गेली दोन वर्षं त्या घराच्या भिंतींची अशी रोज तीन वेळा तपासणी चालली आहे. इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबतात आणि शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचतात. पाट्या पंचवीस वर्षं त्याच आहेत. दुसऱ्या मजल्यावरची पाटी वाचायला तर अलीकडे त्यांना सात-सात मिनिटं लागतात, आणि तिच्यावर नुसतं ‘राणे’ लिहिलंय.

डॉक्टर ऋता यांनी जूनमध्येच फोटो बघून सांगितलं होतं की, गुडघ्यातली गादी संपली आहे, बदलून टाकू. जन्मभर माग चालवलेल्या भाऊकाकांनी तिथेच ऐकवलं, “एकतीस वर्सां गिरणीत साच्यार उभो रवलंय ह्या गुडघ्यार. गुडघो माझो, तुमका काय तेचा?” त्यानंतर घरात गुडघा हा शब्द काढायची सोय राहिली नाही. कुंदाकाकू म्हणाल्या, “ह्येंका सांगान सांगान माझो जबडो झिजलो. आता तोच बदलतंय.”

तेव्हा प्रीतमने कट केला. तो विमा कंपनीत दावे तपासायला बसतो हे तुला ठाऊक आहे. तिथे राहून त्याचा पुराव्याशिवाय कशावरही विश्वास बसेनासा झालाय. त्याचं म्हणणं, बाबांना आपण सांगून उपयोग नाही, गुडघ्यालाच सांगू दे. सगळ्यांनी मिळून नॅशनल पार्कात सहलीला जायचं, कान्हेरीच्या लेण्यांच्या पायऱ्या चढायला लावायच्या. दहाव्या पायरीवर बाबा बसतील आणि स्वतःच्या तोंडाने म्हणतील, करा रे बाबांनो ऑपरेशन. निमित्तालाही शोधाशोध नको. नात प्रांजलला शाळेत लेण्यांवर प्रकल्प होताच. कटात प्रीतम, अस्मिता आणि मी. मला घेतलं, कारण कोणीतरी वयाने मोठं असलं म्हणजे कटाला कौटुंबिक बैठकीचं रूप येतं. (माझी अनुपमा आली नाही. “तुमच्या घराण्यात कट शिजत नाहीत, करपतात,” एवढंच म्हणाली आणि घरी निवांत झोपली.)

रविवारी सकाळी सातला मुलुंडहून निघालो. गाडीत बसल्या बसल्या भाऊकाकांनी मागच्या डोंगराकडे बोट दाखवून पहिला प्रश्न विचारला. हा डोंगर त्याच जंगलाचा ना? मग जे जंगल आपल्या संडासाच्या खिडकीतून दिसतं, ते बघायला दीड तास वळसा घालून बोरिवलीला कशाला जायचं? प्रश्न बिनतोड होता. प्रीतमने रेडिओ मोठा केला.

फाटकाशी गाडी लावली. तिथे प्लास्टिकच्या पिशव्या-बाटल्या तपासतात, आणि कुंदाकाकूंनी सोलकढी पाण्याच्या चार बाटल्यांतून आणलेली. तपासणारी मुलगी घाटावरची असावी. तो गुलाबी प्रकार बघून तिने हे औषध आहे का म्हणून विचारलं. काकूंनी उत्तर द्यायच्या ऐवजी तिला कपभर पाजली. मुलीने दुसरा कप मागितला, पण बाटल्या काही सोडल्या नाहीत. मग सकाळी पावणेनऊ वाजता, रिकाम्या पोटी, आम्ही सहाजणांनी फाटकाबाहेर रांगेत उभं राहून उरलेली सोलकढी संपवली. मागचे लोक आम्हाला कसला तरी नवस असावा अशा आदराने बघत होते.

आतल्या बसने कान्हेरीला पोचलो. भाऊकाका खुशीत होते. गिरणीत असताना साचेखात्याची मंडळी दरवर्षी इथे यायची, आणि भाऊकाका म्हणे खालपासून वरच्या टाक्यापर्यंत एका दमात धावत जायचे. टाकी म्हणजे त्या काळच्या भिक्षूंनी पाण्यासाठी खडकात खोदलेले हौद. अजून त्यात पाणी असतं. “वरच्या टाक्याचा पाणी बघून येवया,” असं ते म्हणाले, तेव्हा प्रीतमने माझ्याकडे असं बघितलं की, दावा मंजूर होणार.

आणि इथे, आत्ये, आपण आपल्या जातीवर गेलो. पायऱ्यांच्या खाली एका झाडाशी भाऊकाका थांबले आणि म्हणाले, गाऱ्हाणं घातल्याशिवाय चढायचं नाही. जागा परक्याची, डोंगराला राखणदार असणार, त्याला कळवायला हवं. काकूंनी पिशवीतून नारळ आणि विडा काढला. (नारळ असणारच. या बाई दाढदुखीला निघाल्या तरी पिशवीत नारळ असतो.) सागाचं पान मांडलं, त्यावर नारळ ठेवला, आणि भाऊकाका माझ्याकडे वळून म्हणाले, “नंद्या, आज तू घाल. माझ्यामागसून कोणाक तरी घालूक व्हया.”

माझी काय अवस्था झाली असेल, विचार कर. बाकीचं मी निभावलं असतं. पण गाऱ्हाण्याचा कायदा तूच मला लहानपणी शिकवलास. नाव-गाव खरं सांगायचं, आणि कशासाठी आलो ते लपवायचं नाही. लपवलेलं गाऱ्हाणं उलटतं. देवळात एकदा मी परीक्षेचे मार्क दोन वाढवून सांगितले होते, तेव्हा घरी येताना मला कुत्रा चावला, हे तुझ्यादेखत घडलेलं आहे. इकडे भाऊकाका हात जोडून उभे. तिकडे देव. मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! ह्या डोंगराच्या राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मागून सगळे म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटला. डोळा किलकिला करून पाहिलं, तर शेजारच्या झाडाखाली सहलीला आलेलं दहा-बारा जणांचं कुटुंब उठून आमच्या मागे उभं राहिलेलं. देवगडकडचे निघाले, बोरिवलीतच राहणारे. त्यांचे म्होरके धोंडिराम नावाचे निवृत्त पोस्टमन. गाऱ्हाणं कानावर पडल्यावर कोकणी माणूस खाली बसून भजी खाऊ शकत नाही.

“आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात इली आसत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग जीभ घसरली असं मी म्हणणार नाही. ती सरळ गेली, तीच पंचाईत. “ह्या भाऊचो उजवो गुडघो दोन वर्सां दुखता, नि तो कोणाक सांगणा नाय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येका कळाचा म्हणान आमी त्येका फसवून ह्या पायऱ्ये चढवूक हाडलाव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येच्या मनातली भीती काढून टाक, नि ऑपरेशनाक त्येच्या तोंडातसून होकार दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हा शेवटचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता, आणि तो भाऊकाकांचा होता.

साठ वर्षांची सवय. गाऱ्हाण्यात ‘म्हाराजा’ आलं की तोंडातून ‘व्हय’ निघतंच, ते अर्थासाठी थांबत नाही. मी डोळे उघडले तेव्हा भाऊकाका हात जोडलेल्या अवस्थेत, तोंड अर्धं उघडं ठेवून, आपण आत्ता कशाला होकार दिला याचा हिशेब लावत होते. अस्मिता पदर तोंडाला लावून झाडामागे गेली. प्रीतम मला उद्देशून हलकेच म्हणाला, “दादा, वाट लावलीस तू.” प्रांजलने मात्र वहीत लिहून घेतलं. प्रकल्पात ‘स्थानिक परंपरा’ असा रकाना होता.

भाऊकाका म्हणाले, हा होकार नव्हे, तोंडातून निघून गेलं. काकू म्हणाल्या, देवासमोर निघून गेलेलंच खरं धरतात. भाऊकाका म्हणाले, देवाने कौल दिला तर मानेन. आणि आत्ये, तुझी शपथ, त्याच क्षणी झाडावरून एक माकड उतरलं, सागाच्या पानावरचा नारळ उचलला आणि उजव्या बाजूने पसार झालं.

“उजवो कौल! देवान होकार दिल्यान!” काकू ओरडल्या.

आता वाद सुरू झाला की उजवा कोणाचा. भाऊकाकांचा मुद्दा असा की, कौलात उजवी बाजू देवाची धरतात, बघणाऱ्याची नव्हे. आणि इथे मूर्तीच नाही तर देव कुठे तोंड करून उभा आहे हे कळणार कसं? मुद्दा चोख होता. शेवटी धोंडिराम पुढे आले, घसा साफ केला, आणि चाळीस वर्षं पत्ते शोधलेल्या माणसाच्या अधिकाराने म्हणाले, “मूर्ती नाय तर माकडाचो उजवो धरूचो. तो उजव्याकच वळलो. मी बघलंय.” त्यांच्या घरच्या दहा-बारा जणांनीही व्हय म्हटलं. भाऊकाकांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि पायऱ्या चढायला लागले.

रागाने चढले, आत्ये. दहावी पायरी गेली, विसावी गेली. प्रीतमचा पुरावा डोळ्यांसमोर वर वर चालला होता. मोठ्या लेण्याच्या दारातल्या त्या उंच बुद्धमूर्तींना त्यांनी हात जोडले आणि तिथेही न थांबता पुढच्या पायऱ्या धरल्या. मागे आमची दैना. अस्मिताच्या चपलेचा पट्टा तुटला. प्रीतम दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, तो एका खांबाला मिठी मारून उभा राहिला. मी स्वतः अगदी व्यवस्थित चढत होतो, फक्त वाटेत ठिकठिकाणी खडकातल्या बाकांवर बसून शिलालेख वाचत होतो. (ती लिपी मला येत नाही. पण अभ्यासाला कुठूनतरी सुरुवात करावी लागते.)

वरच्या टाक्याशी मी पोचलो तेव्हा भाऊकाका काठावरच्या दगडावर बसलेले होते आणि पाण्याकडे बघत होते. वारा छान होता. खाली सगळं जंगल, पलीकडे धुरकट इमारती. मी शेजारी टेकलो. मग जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही, कारण टाक्याच्या दगडावर हात ठेवून कोणाशी बोलणार नाही असं कबूल केलंय. एवढंच सांगतो की, ते चढले होते रागाने, आणि उतरायला राग पुरत नाही.

उतरले कसे? ते प्रांजलचं श्रेय. आजोबा उठत नाहीत हे बघून ती त्यांच्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आजोबा, बूड टेकत जाऊया? मी लहानपणी जिना असाच उतरायचे, तुम्हीच शिकवलंत ना.” आणि बसली की खालच्या पायरीवर. मग पुढची. भाऊकाकांनी इकडेतिकडे बघितलं, टोपी खिशात घातली आणि तिच्यामागे बसत बसत उतरायला लागले. मध्यावर धोंडिरामांची नातवंडं भेटली, त्यांना हा खेळ झकास वाटला, तीही रांगेत बसली. खाली पोचेपर्यंत मागे सात मुलं होती, आणि दुसऱ्या कुठल्यातरी सहलीच्या दोन बायका आपापल्या मुलांना विचारत होत्या की ही रांग कसली आहे. सगळ्यांच्या पुढे प्रांजल, तिच्यामागे आमचे भाऊकाका, त्यांच्या पँटच्या मागच्या बाजूचं काय झालं ते विचारू नकोस.

खाली घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं धोंडिरामांच्या मंडळींसह खाल्लं. जेवून हात धुताना भाऊकाका प्रीतमला म्हणाले, “सोमवारी डॉक्टरणीकडे ने.” एवढंच. ऑपरेशन मंगळवारी, ३ फेब्रुवारीला ठरलंय.

कळावे. घरातल्या देवाला माझ्या वतीने एक जास्वंद वाहा आणि माकडाचं सांग.

तुझा,
नंदकिशोर

ता.क. १. इथवर क्रमाने आली असशील तर आता खरं काय ते सांगतो. टाक्यावर भाऊकाका म्हणाले, “नंद्या, ऑपरेशनाची भीती नाय रे. पण नंतर दुखतला. मी बोंब मारतलंय, नि सून, नात सगळी बघतली. नलू असती तर लाज वाटली नसती. तिच्यासमोर मी आधीच रडलेलो आसंय.” बारा वर्षांचे असताना फणसावरून पडले आणि हाच गुडघा फुटला, तेव्हा अकरा दिवस तू उशाशी बसली होतीस, असं म्हणाले. तू दहा वर्षांची. कोणाला सांगितलं नाहीस की भाऊ रात्री रडतो. सहा वर्षांपूर्वी तुला न विचारता तो फणस त्यांनी तोडायला लावला आणि तू बोलणं टाकलंस, ते चुकलंच त्यांचं. त्यांचं स्पष्टीकरण एवढंच की, साठ वर्षं त्या झाडाचा राग होता. (पायऱ्या चढतानाच्या रागासारखाच हाही फुकट गेला, असं मला वाटतं.) आत्ये, तू ये. जमेल तर शुक्रवार ३० तारखेच्या आत. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस. दगडावर मी फक्त बोलणार नाही असं कबूल केलंय, लिहिणार नाही असं नव्हे.

ता.क. २. बुधवार, मुलुंड. तुझा पिनकोड विचारायला इथे आलो, पत्र टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात भाऊकाकांनी ते वाचलं. शेवट आधी वाचला. ही सवय दोघांनाही एकाच घरातली दिसते. म्हणाले, तिला लिही, यायची काही गरज नाही. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. दहा मिनिटांनी म्हणाले, येत असेल तर खालची बर्थ घे म्हणावं, आणि उतरायचं ते ठाण्याला, दादरला नव्हे. मग आणखी दहा मिनिटांनी विचारलं की फणसाच्या बुंध्याला फुटवे आलेत का, ते तिला विचार. विचारतो आहे.

ता.क. ३. हे कुंदाकाकू लिहायला लावतायत. इस्पितळातली खोली दोन खाटांची आहे आणि दुसरी खाट रिकामी नाही. काल पत्र लिहून झाल्यावर भाऊकाकांची फाईल आणायला मी दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टर ऋता यांनी मला दारातून खुर्चीपर्यंत चालताना बघितलं आणि न विचारता माझेही फोटो काढले. डावा. माझी तारीख ४ फेब्रुवारी. तेव्हा पत्राच्या सुरुवातीचा नमस्कार उभ्यानेच केला असं समज.

ठाण्याला तुला घ्यायला प्रीतम येईल. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलीस की दार भाऊकाका स्वतः उघडणार आहेत, तसं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलंय. एक हात भिंतीवर असेल. तू काही विचारायच्या आधीच सांगतील की ओल आलीय का बघतोय. आत्ये, या खेपेला तूही भिंतीला हात लाव आणि म्हण, हो रे, आलीय खरी.